मनोऱ्यावरची आत्या

गावातल्या निम्म्याअधिक खिडक्यांच्या जाळ्या ज्याच्या हातच्या होत्या, त्या वेल्डरला नावाने कुणी हाक मारत नसे. तो ढापण्या. काळा चष्मा कामाच्या वेळी डोळ्यांवर आणि उरलेल्या वेळी कपाळावर. जेवायला बसला तरी तो तिथेच. बायको वाढता वाढता म्हणायची, "अहो, ते वरचे दोन डोळे उतरवा आधी. पानात पडले तर मी धुऊन देणार नाही."

त्याचं दुकान म्हणजे बंदराच्या रस्त्यावरचा एक गाळा. अँगल आणि पट्ट्या भिंतीला टेकून उभ्या, जमिनीवर ग्राइंडरचा काळा चुरा, आणि मागच्या कोपऱ्यात कुणी टाकून दिलेल्या सायकली, खाटा, फुटक्या टाक्या. यातलं काही फेकून द्यायची त्याला छाती होत नसे. "लोखंड मरत नाही गं, नुसतं झोपतं," तो म्हणे. "झोपू दे," बायको म्हणे, "पण माझ्या ओट्याखाली नको."

हात सरळ आणि तोंड त्याहून सरळ. गेट बसवून झालं की गिऱ्हाइकासमोर ते उघडून-मिटून दाखवायचं आणि ठरलेलं वाक्य बोलायचं, "गेट माझं, भिंत तुमची." म्हणजे गेट कुरकुरलं तर जेवण टाकून येईन, पण भिंत ढासळली तर गवंड्याला गाठा. या एका वाक्यावर त्याचा सगळा धंदा उभा होता. त्यामुळे भांडणं टळत आणि झोप छान लागे. पण कुणी मागितल्याशिवाय त्याने आजवर एक सळईही वाकवली नव्हती. माप घ्यायचं, सांगितलंय तेवढं करायचं, घरी यायचं. साठी जवळ आली तरी स्वतःच्या मनाने केलेली अशी एकही वस्तू त्याच्या नावावर नव्हती, आणि याचं त्याला काही वाटतं हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

त्याचे दोस्त दोन. एक रंगारी. होड्या रंगवायचा, होड्यांच्या नाकावर नावं काढायचा आणि हात चालत असेतो तोंडही चालवायचा. दुसरा दिव्या. बंदराच्या बाहेर समुद्रात लांब गेलेला दगडी बांध होता, त्याच्या टोकाला जुना मनोरा, आणि त्या मनोऱ्यातला दिवा सांभाळायला हा माणूस उभी हयात नोकरीला होता. रंगारी त्याला चिडवी, "काय रे, जन्मभर काय दिवे लावलेस?" तो शांतपणे सांगे, "एकच. पण रोज."

पुढे आपोआप लागणारा दिवा आला, तो एका खांबावर बसला, मनोऱ्याला कुलूप लागलं आणि दिव्या निवृत्त होऊन मुलाच्या घरी राहायला गेला. तिथल्या त्याच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे दिसत. रोज दुपारी तो घरातून निघे, बांधावर जाऊन बसे, आणि परतताना ढापण्याच्या दुकानात चहाला थांबे.

अशाच एका चहाला तो म्हणाला, "होड्या परत यायच्या वेळी मी वर कठड्याला रेलून उभा असायचो. करत काही नव्हतो. नुसता असायचो. होडीतले हात करायचे, मी हात करायचो. आता वर बघतात आणि मान खाली घालतात."

"तुझं बुजगावणं उभं करू या," रंगारी म्हणाला.

"कर. वर कुणीतरी पाहिजे एवढं खरं."

रंगारी हसला, दिव्याही हसला. ढापण्या हसला नाही. कपातला चहा गार होईपर्यंत तो कोपऱ्यातल्या फुटक्या टाकीकडे बघत राहिला.

टाकीच्या पत्र्याचा चेहरा झाला. आधी त्याने पुरुष करायला घेतला होता, पण तो थेट दिव्यासारखा दिसायला लागला, आणि रंगाऱ्याचं म्हणणं पडलं की दिव्याने रोज स्वतःलाच हात करणं बरं दिसणार नाही. मग बाई झाली. गोल चेहऱ्याची, वयाने पोक्त, कठड्यावर कोपरं टेकून हनुवटी तळव्यात धरलेली. शेजारीण गॅलरीत उभी राहून 'आलात का, किती उशीर' असं विचारते ना, तशी. केसांच्या बटा म्हणजे खाटेच्या स्प्रिंगा. बोटं मात्र जमेनात. चार वेळा केली, चार वेळा कापली. शेवटी एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "जरा हनुवटीखाली हात ठेव बघू."

"का?"

"असंच."

"दाढ बघताय की काय? माझी काही दुखत नाही." पण तिने हात ठेवला, आणि तो एकटक बघत बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने आपल्याकडे एवढा वेळ कधी बघितलं होतं हे आठवायचा तिने प्रयत्न केला. आठवेना. मग ती उठून कुकर लावायला गेली.

वर चढवायची कशी, यावर रंगाऱ्याचं एकच मत होतं. "चोरी रात्री करतात. काम दिवसा करतात. आपण काम करायला जाणार."

तिघांनी नारिंगी जाकिटं चढवली, बाईचे भाग ताडपत्रीत गुंडाळून हातगाडीवर टाकले, आणि भर दुपारी सगळ्या बंदरादेखत बांधावरून निघाले. रंगाऱ्याने हातात मापाची एक पट्टी धरली होती. पट्टी हातात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, असा त्याचा अनुभव. आणि खरंच कुणी विचारलं नाही. उलट मनोऱ्याच्या दारात बंदर कचेरीचा नवा पहारेकरीच त्यांच्यावर तुटून पडला.

"आत्ता उगवताय? तक्रार करून किती दिवस झाले!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कामं फार आहेत हो," रंगारी म्हणाला.

"बिजागरी निखळलीय. दार रोज खांद्याने उचलून लावतो मी. आधी दार, मग तुमचं वरचं काय ते."

झालं. ढापण्याने निमूटपणे आधी दाराची बिजागरी नीट केली, दार उघडून-मिटून दाखवलं आणि सवयीने म्हणालाही, "दार माझं, भिंत तुमची." पहारेकऱ्याने खूश होऊन वरच्या विजेची चावी स्वतः काढून दिली.

वर गेल्यावर ढापण्याचे हात जे चालायला लागले ते थांबेनात. धड कठड्याला, हात धडाला, डोकं मानेला. रंगाऱ्याने निळा झगा, लाल ओठ आणि थोडे जास्तच काळे डोळे काढले. दिव्या गुडघे धरून एकाच पायरीवर बसून होता. होड्या परतायची वेळ झाली. पहिल्या होडीतल्या माणसाने सवयीने वर पाहिलं, मान खाली घालणार तोच थांबला, आणि त्याने हात वर केला. मग शेजारच्याने केला. दिव्याने तोंड फिरवलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय, असं तो म्हणाला. वारा नव्हता.

गावाने तिचं नाव ठेवलं आत्या. "आत्याला दिसलो म्हणजे पोचलो," असं होडीवाले म्हणू लागले. कचेरीत तर गंमतच झाली. प्रत्येक खात्याला वाटलं की दुसऱ्या खात्याने बसवली, आणि आपल्याला कळवलं नाही हे कबूल करायला कुणीच तयार होईना. ढापण्याची मात्र पंचाईत. बाजारात कुणी म्हणे, "काय झकास केलीय!" तेव्हा ते गिळायचं. घरी तर आणखी कठीण.

"छान आहे," बायको एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पण कान जरा वर बसलेत."

"कान? कान अगदी बरोबर आहेत!" तो उसळला.

"तुम्हाला काय माहीत?"

"नाही... म्हणजे खालून बघताना तसं वाटतं."

"बरं." तिने पोळी उलटली. "माझ्या माळ्यावरच्या खाटेच्या स्प्रिंगा मात्र तिला शोभतात हं."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून जेवला.

असं कितीतरी महिने चाललं. मग कचेरीत नवी इंजिनीअर आली. तरुण, चटचट चालणारी, आणि विचारायला न लाजणारी. हे कुणी बसवलं, तिने विचारलं. कुणालाच सांगता येईना. पहारेकऱ्याला तेवढी नारिंगी जाकिटं आठवत होती. एके दिवशी तिने दुर्बीण लावून मनोरा नीट बघितला आणि हुकूम दिला, पुतळा उतरवा. उतरवायला वेल्डर हवा. गावात कचेरीच्या कामाचा वेल्डर एकच.

शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा दुकानात तिघंही होते. निरोप देऊन तो गेला.

"आजारी पड," रंगारी म्हणाला.

"मग बाहेरून माणूस आणतील. तो कसाही कापेल. चेहराच कापेल."

"तू हात लावायचा नाहीस," दिव्या म्हणाला. आवाज चढवणं त्याला माहीत नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं. "बाहेरचा आला तर येऊ दे. मी दारात आडवा पडेन. पण तू नाही."

"मी बोलून बघतो तिच्याशी."

"शब्द दे."

ढापण्याने शब्द दिला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. एरवी तिने 'स्प्रिंगा तेवढ्या परत आणा' म्हटलं असतं. त्या दिवशी तिने फक्त त्याच्या कपाळावरचा चष्मा काढला, दुधावरची साय काढावी तितक्या हलक्या हाताने, आणि पुसून शेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो इंजिनीअरबाईंच्या मागून मनोरा चढला. मनात भाषण तयार होतं. लोकांना आवडते, होडीवाल्यांना आधार वाटतो, वगैरे. वर पोचताच ती म्हणाली, "बघा काका, वाऱ्याचे दिवस तोंडावर आलेत. हे एवढं धूड, आणि काम सगळं कच्चं."

भाषण जागच्या जागी विरघळलं.

"कच्चं?" ढापण्या म्हणाला. "मॅडम, हात लावून बघा. नुसते टाके मारलेले नाहीत, अखंड वेल्डिंग आहे. मानेच्या आत दुहेरी पट्टी आहे. बैल बांधा हिला, बैल दमेल, ही हलायची नाही!"

"मानेच्या आत पट्टी आहे," ती सावकाश म्हणाली, "हे तुम्हाला बाहेरून दिसलं?"

ढापण्याने समुद्राकडे पाहिलं. समुद्राने काही मदत केली नाही.

"अनुभव असतो, मॅडम."

"असेल. काका, मी तुमच्या वेल्डिंगला नाव ठेवतच नाहीये." 'तुमच्या' हा शब्द तिने हळूच, पण नेमका ठेवला. "इकडे बसा. इथे बघा."

तिने कठड्याच्या पायाशी बसून हातोडीने एका खांबाला टिचकी मारावी तसं ठोकलं. खण आवाज यायला हवा होता. थप असा आला. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखालून तपकिरी पापुद्रे, एकावर एक, शिळ्या खारीसारखे. तिचं बोट खांबाच्या आत गेलं. पुढचा खांब तसाच. त्याच्या पुढचा तर जमिनीला टेकलेलाच नव्हता, नुसता सवयीने उभा होता.

ढापण्या गुडघ्यांवर बसला तो बसूनच राहिला. गेट माझं, भिंत तुमची. जन्मभर तो हे म्हणत आला होता, आणि आपण होऊन केलेल्या एकुलत्या एक कामातही त्याने तेच केलं होतं. आत्याच्या मानेत दुहेरी पट्टी घातली, आणि तिला ज्या कठड्याला जोडलं त्याच्या पायाशी खाली वाकून एकदाही पाहिलं नाही. कठडा सरकारचा. भिंत तुमची.

त्याने खाली पाहिलं. बरोबर आत्याच्या खाली, मनोऱ्याच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक टोपी दिसत होती. दिव्या. ती सावली आवडते म्हणून तो रोज तिथेच खुर्ची टाकायचा. तिथून तिचा चेहरा चांगला दिसतो म्हणायचा.

"खाली त्यांना उठायला सांगा," ढापण्या म्हणाला. "दोरी आणा. जाड. आणि मॅडम, कापणार मीच. दुसऱ्या कुणाचा हात नको."

"मी दुसऱ्या कुणाला बोलावलंच नव्हतं," ती म्हणाली.

पहारेकऱ्याने दिव्याला खुर्चीसकट बाजूला नेलं. ढापण्याने दगडी भिंतीतल्या कड्याला दोर बांधला, तो आत्याच्या काखांखालून घेतला आणि ग्राइंडर चालू केला. ठिणग्या समुद्राकडे उडाल्या. खालून दिव्याने तोंडाशी हात धरून काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही तेच बरं.

आत्या हळूहळू भिंतीला घासत खाली आली आणि तिच्याबद्दलची एक गोष्ट पहिल्यांदाच उघडी पडली. ती कमरेपर्यंतच होती. खालचा भाग कठड्यामागे लपणार, मग पत्रा कशाला वाया घालवायचा, असा हिशेब एका जाळीवाल्यानेच करावा. तिच्याभोवती जमलेली माणसं हसायला लागली. दिव्या हसला नाही. त्याने ढापण्याकडे पाहिलं, "तूच?" एवढंच म्हणाला, आणि बांधावरून चालायला लागला. खुर्चीही विसरला.

आत्या दुकानासमोर भिंतीला टेकून राहिली. येणारे-जाणारे थांबत. जाळीचं माप द्यायला आलेली बाई तिच्याशीच आधी बोले. बायकोने पहिले दोन दिवस धीर धरला, तिसऱ्या दिवशी तिच्या कोपरावर पायपुसणं वाळत घातलं. पण दिव्या चहाला आला नाही. रंगारी जाऊन आला. "भेटत नाही म्हणतोय. म्हणतो, शब्द दिला होता."

"दिला होताच," ढापण्या म्हणाला.

मग तो कचेरीत गेला, इंजिनीअरबाईंकडून एक वस्तू मागून घेतली, आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिव्याच्या घरी पोचला. सुनेने दार उघडलं. आत दिव्या खिडकीकडे तोंड करून बसला होता. समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी चादरी हलत होत्या.

"सूनबाई, त्यांना सांग मी झोपलोय," दिव्या म्हणाला.

"काका, बाबा झोपलेत," सून म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

ढापण्याने पुडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. दिव्याने बराच वेळ ते तसंच राहू दिलं. मग कागद उलगडला. आत कठड्याचा एक खांब होता. वरून पांढरा रंग, खालून काही नाही. दिव्याने तो हातात घेतला आणि त्याच्या बोटांखाली त्याचा चुरा होऊन धोतऱ्याच्या बियांसारखा पायजम्यावर सांडला.

"हा कुठला?"

"बंदराकडच्या बाजूचा. तू उभा राहायचास तिथला."

दिव्याने आणखी थोडा चुरला. मग अंगठ्याने खोलवर दाबून पाहिलं. "ह्याच्यावर मी रेलायचो," तो म्हणाला. "पोट टेकवून. खाली वाकून त्या लोकांशी बोलायचो मी!"

"हं."

"मग मला इतकी वर्षं धरून कोणी ठेवलं होतं?"

"सवयीने."

दिव्या त्याच्याकडे वळला. "तुला तिला बसवताना दिसलं नाही हे?"

"बघितलंच नाही. भिंत तुमची म्हणालो आणि मोकळा झालो. ती पडली असती तर तुझ्या टोपीवर पडली असती, दिव्या. हे तोंडाने सांगून तुला पटलं नसतं. म्हणून कापली. शब्द मोडला तो मोडला."

सून चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने चुरा बघितला, सासऱ्याचा चेहरा बघितला, आणि म्हणाली, "बाबा, केरसुणी आणू की आधी चहा घेताय?"

"चहा," दिव्या म्हणाला. "त्यालाही दे. बिनसाखरेचा दे, तेवढी शिक्षा पुरे."

नव्या कठड्याचं काम अर्थातच ढापण्याकडे आलं. पण या वेळी त्याने आधी गवंड्याला बोलावलं, त्याच्या शेजारी उकिडवं बसून प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं, आणि गवंडी वैतागून म्हणाला, "अहो, भिंत माझी ना? जा की तुम्ही." ढापण्या गेला नाही.

खांब उभे राहिले तशी दिव्याची तपासणी सुरू झाली. गुडघे दुखत असताना तो वर चढे, एकेका खांबाला मिठी मारून हलवी, लाथ घाली, आणि रंगाऱ्याला म्हणे, "हा हलतोय."

"तू हलतोयस," रंगारी म्हणे.

"हा हलतोय म्हणतो ना मी!" आणि ढापण्या कुरकुरत, चष्मा खाली ओढत, न हलणाऱ्या खांबाच्या पायाशी पुन्हा वाकून बसे.

एका दुपारी इंजिनीअरबाई बघायला आल्या. त्यांनी कठडा तपासला, हातोडीने ठोकला. खण आवाज आला. जायला निघाल्या आणि जिन्यात थांबल्या.

"काका, कठड्याच्या नकाशात वर काय बसवायचं आणि काय नाही, याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"नाही का?" ढापण्या म्हणाला.

"नाही. पण मी इथे असताना काही झालं तर मला ते बघावं लागेल. म्हणून मला एकदा रजा काढायची आहे. तुम्हाला सोयीचं कधी आहे?"

रंगारी म्हणाला, "मॅडम, मला रंगाचे दोन हात द्यायचेत. आठवडा तरी लागेल."

"आठवडा कशाला? ओठ तेवढे लाल केले की झालं," दिव्या म्हणाला. "तसेही गेल्या वेळी तू डोळे असे काढलेस की जणू तिला कुणी घाबरवलंय."

"मग तूच काढ!"

"आणि तिचं तोंड या खेपेला जरा बंदराच्या आत वळवा. होड्या आत आल्यावरही दिसली पाहिजे."

"मान वळवायची म्हणजे मान पुन्हा कापावी लागेल," ढापण्या म्हणाला. "आत दुहेरी पट्टी आहे."

"ठाऊक आहे," इंजिनीअरबाई जिन्यावरून खाली उतरता उतरता म्हणाल्या. "शुक्रवारी नाही येत मी."